रोज रात्री जेमतेम एक तास मिळतो, त्यात एमएमओ जमतं का?

पेंगुळलेला_पॅलाडिन

नमस्कार मंडळी. वय ३६, पुण्यात नोकरी, घरी सव्वातीन वर्षांची मुलगी, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं रडगाणं कळेल. कॉलेजात असताना हॉस्टेलवर आम्ही चौघं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (तेच एमएमओ, म्हणजे हजारो लोक इंटरनेटवरून एकाच जगात खेळतात तो प्रकार) खेळायचो, म्हणजे खेळायचो काय, राहायला तिथंच होतो आणि अधूनमधून मेसमध्ये जेवायला पृथ्वीवर यायचो. शेवटी सोडताना कमांड मारून बघितलं होतं की एकूण किती वेळ खेळलो, तर १४१ दिवस. दिवस म्हणजे चोवीस तासांचे दिवस बरं का. साडेतीन हजाराला थोडे कमी एवढे तास होतात ते. तेवढ्यात माझ्या बॅचचा एक जण सीए झाला.

तर आता त्या चौघांपैकी एक दुबईला आहे, एक बंगळुरूला, एक इथंच वाकडला, आणि गेल्या महिन्यात ग्रुपवर कुणीतरी जुना स्क्रीनशॉट टाकला आणि सगळ्यांच्या अंगात आलं. क्लासिकच्या (त्याच गेमची जुन्या रूपातली आवृत्ती) नव्या रेल्मवर, म्हणजे सर्व्हरवर, पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचं म्हणतायत.

मला रोज पोरगी झोपल्यावर दहा ते अकरा मिळतात, तेही ती झोपली तर. सध्या तो तास मोबाईलवर कँडी क्रश, लुडो किंग नाहीतर तीन मिनिटांचं बुद्धिबळ यात जातो. प्रश्न असा की एका तासात एमएमओ होतं का, की उगाच महिन्याचे पैसे भरून बसायचं आणि मग गिल्डवाल्यांचं (गेममधल्या आपल्या मंडळाचं) ऐकून घ्यायचं? एका गिल्डची जाहिरात बघितली, 'निवांत, कॅज्युअल गिल्ड, आठवड्याला फक्त दोन रेड, तीन-तीन तास'. ह्याला कॅज्युअल म्हणतात? (रेड म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या शत्रूवर, बॉसवर, घालायची धाड.) मी जिमला एवढा वेळ दिला असता तर आज शर्टाची बटणं लागली असती.

तिखट_शेव

नाही जमत. पुढचा प्रश्न?

म्युनिकरिटर्न

शेवभाऊंचं उत्तर बरोबर आहे पण अर्धवट आहे, मी सविस्तर सांगतो कारण मी ह्यातून पोळून निघालोय.

ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक आलं तेव्हा मी म्युनिकला होतो, एकटाच, लग्न व्हायचं होतं. पहिल्या आठवड्यात सर्व्हरवर शिरायलाच काही काही तासांची रांग, ऑफिसातून घरच्या कॉम्प्युटरला रिमोटने जोडून रांगेत नंबर लावायचो म्हणजे घरी पोचेपर्यंत आत शिरलेलो असेन. साठाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलला पोचायला माझे नऊ दिवस प्लेड (प्रत्यक्ष खेळण्याचे) गेले, २१६ तास. तुमचा रोजचा एक तास धरला, आणि एकही रात्र पोरगी उठली नाही असं धरलं (!), तर सात महिने. आणि जुने लोक तुम्हाला सांगतीलच की खरा गेम साठनंतर सुरू होतो.

आता साठनंतरचं. मोल्टन कोअर ४० माणसांची रेड. रेड चालते दोन-तीन तास, पण लग्नकार्य अर्ध्या दिवसाचं असलं तरी लाडू आठवडाभर आधीपासून वळावे लागतात तसं हे प्रकरण आहे. औषधी काढ्यांसाठी झाडपाला गोळा करायचा, तो नसेल तर गोल्ड कमवून बाजारातून घ्यायचा. त्यात आमच्या गिल्डला वर्ल्ड बफचं वेड. म्हणजे कुणीतरी ओनिक्सिया ड्रॅगन मारून तिचं मुंडकं ऑर्ग्रिमारच्या वेशीवर टांगतो, आणि त्या क्षणी शहरात हजर असलेल्या सगळ्यांना दोन तासांची ताकद मिळते. डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांचं गप्पांचं अ‍ॅप) आदल्या दिवशी वेळ जाहीर व्हायची, आज ६:४० ला मुंडकं. की पळत यायचं, दर्शन घ्यायचं आणि लगेच लॉगआउट, कारण ऑनलाइन राहिलं की ते दोन तास संपत जाणार आणि मेलात तर बफ गेलाच. नंतर २०२१ मध्ये हे बफ साठवून ठेवायची वस्तू दिली त्यांनी गेममध्ये, पण तोवर मी दोन वर्षं खेळण्यासाठी म्हणून न खेळता बसलो होतो. गेम चालू करायचा नाही म्हणून गेमचा विचार करत बसायचं, ह्यातला विनोद मला तेव्हा कळला नाही.

मग २०२१ ला नाशिकला परत आलो. भारतात ह्याचा सर्व्हर नाही. ऑस्ट्रेलियाच्या रेल्मवर जावं तर त्यांची रात्रीची आठची रेड म्हणजे आपल्याकडे भर दुपार, बॉसपुढे (खऱ्या) बसून खेळणार का? म्हणून जुन्या युरोपियन गिल्डमध्येच राहिलो. जर्मनीत रात्री ८ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा. साडेअकरा ते अडीच, आठवड्याला दोनदा. जमवलं कसंतरी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागे गेली आणि माझी रेड साडेबारा ते साडेतीन झाली. सकाळी साडेनऊला मीटिंग. डिसेंबरमध्ये एका मीटिंगमध्ये मला कुणीतरी काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो 'दोन मिनिटं, माना पीतोय' (माना म्हणजे गेममधली जादूची ताकद, ती काहीतरी पिऊन भरतात). त्याच आठवड्यात गिल्ड सोडली.

पण मला तास नडले नाहीत हो. तेवढेच तास मी क्रिकेट बघण्यात घालवतो आणि कुणी काही म्हणत नाही. नडलं ते असं की मध्येच उठता येत नव्हतं. मुख्य टँक, म्हणजे पुढं राहून बॉसचा मार झेलणारा, उठला की ३९ जण (नंतर २४) भिंतीकडे बघत बसणार. दारावर कुरिअरवाला आला तरी पोटात गोळा. म्हणून तुम्ही तास मोजू नका, तुम्हाला मध्येच उठता येईल असा खेळ हवा आणि तो एमएमओतसुद्धा मिळतो. रेडच्या फंदात पडू नका एवढंच. आणि बायकोला आधी नीट समजावून ठेवा, नाहीतर नंतर सबस्क्रिप्शनवरून विषय निघतो.

कोकणी_मासेमार

ओल्ड स्कूल रुनस्केप. विषय संपला.

बरं थोडं सांगतो. २०१८ पासून हा गेम मोबाईलवर आहे आणि तेच कॅरेक्टर कॉम्प्युटरवरही चालतं. मी गेममध्ये मासेमारी करतो. (घरची होडी आहे, गेममध्येही मासेच, हसून घ्या.) एका जागी टॅप करायचं, माणूस मासे मारत बसतो, मासे दुसरीकडे सरकले की परत टॅप. एकीकडे मॅच बघायची, बायको काही बोलली तर ऐकायचं, लाईट गेली तरी काही जात नाही, कुणी शिव्या घालायला नाही.

आता वेळेचं विचाराल तर ९९ लेव्हलला अनुभवाचे १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि गंमत अशी की ९२ ला पोचलात की तुमचं बरोबर अर्धं झालेलं असतं, वरच्या सात लेव्हलना खालच्या ९१ एवढीच मेहनत. मला मासेमारीत ९९ व्हायला अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांत मी 'गेम खेळत बसलो' असं एकदाही वाटलं नाही. हा गेम जपमाळेसारखा आहे, हात चालू, डोकं दुसरीकडे.

हीलरताई

म्युनिकदादा, सगळं पटलं, शेवटची ओळ सोडून. 'बायकोला समजावून ठेवा' म्हणजे काय? बायको काय गिल्डची एचआर आहे? इथं खेळणाऱ्या बायकाही आहेत आणि आमच्याकडे समजवायला नवरा, सासू, पोरं आणि कामवाल्या मावशी असे चार बॉस असतात.

मी फायनल फँटसी फोर्टीन खेळते, हीलर, म्हणजे लढाईत बाकीच्यांना बरं करणारी. मुलगा दीड वर्षांचा असताना आठ जणांच्या रेडमध्ये होते. तीन आठवडे अडकलेला बॉस, शेवटी चार टक्क्यांवर आला, आणि आतून रडायचा आवाज. हेडफोन काढून फेकला आणि गेले. परत आले तर सात प्रेतं आणि चॅटमध्ये एकाचाच मेसेज, 'बाळ ठीक आहे ना?'. माणसं चांगली होती, तेच वाईट वाटलं. कुणी ओरडलं असतं तर सोडणं सोपं गेलं असतं.

धागाकर्त्यांना एक सांगते, सगळे एमएमओ एका मापाने मोजू नका. ह्या गेमात मुख्य कथेतली डंजन (छोट्या टोळीच्या मोहिमा) आता कॉम्प्युटरच्या पात्रांबरोबर करता येतात, खरी माणसं लागत नाहीत. पोरगं उठलं तर आपण उठायचं, ती पात्रं काही मनाला लावून घेत नाहीत. एक डंजन वीस-पंचवीस मिनिटांचं. फुकटची ट्रायल ७० लेव्हलपर्यंत चालते आणि तिला दिवसांची मर्यादा नाही, म्हणजे रोज एक तासवाल्याला वर्षभर तरी पैसे भरायची वेळ येणार नाही. आणि गेम चालवणारे योशिदा स्वतःच जाहीरपणे सांगत आलेत की नवीन पॅच आला की या, खेळा, संपला की सबस्क्रिप्शन बंद करा आणि दुसरं काहीतरी खेळा. फक्त घराच्या नादी लागू नका, म्हणजे गेममधल्या. ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही की घर पाडतात. खऱ्या सोसायटीवालेसुद्धा एवढे कडक नसतात.

कथा मात्र लांबच लांब आहे. बोलतात फार. आमच्या आत्याबाईंसारखी पात्रं आहेत, निघते निघते म्हणत दारात अर्धा तास.

बिनपैशाचा_सल्ला

सगळे एमएमओला झोडपताय म्हणून उलट बाजू मांडतो. कॅज्युअल गेम कमी वेळ खातात हे कुणी सांगितलं?

धागाकर्ते, मोबाईलच्या सेटिंगमध्ये जा आणि कुठलं अ‍ॅप किती वेळ चाललं ते बघा. मी बघितलं. माझा 'टाइमपास' रोजचा १ तास ५० मिनिटं निघाला. आठवड्याला तेरा तासांना दहा मिनिटं कमी. निक यी नावाच्या संशोधकाने वीसेक वर्षांपूर्वी एमएमओवाल्यांचे मोठे सर्व्हे केले होते, त्यात आठवड्याची सरासरी २२ तासांच्या आसपास होती. म्हणजे मी, जो चारचौघात 'मी काही गेमर नाही' असं सांगतो तो, अर्ध्याहून जास्त अंतर काहीही न कमावता चाललो होतो. मित्र नाहीत, लेव्हल नाही, साधं मुंडकंसुद्धा नाही टांगायला.

कँडी क्रशचे पाच जीव, एक जीव परत यायला ३० मिनिटं. लोकांना वाटतं हे आवरायला आहे. अहो हे बोलवायला आहे. पाचही संपले की अडीच तासांनी फोन परत हातात. जेवताना, लिफ्टमध्ये, संडासात. तासाभराचा खेळ दिवसभर शिंपडून ठेवलाय, म्हणून हिशोब लागत नाही.

आणि ह्याच्यापुढचा नमुना म्हणजे गेनशिन इम्पॅक्ट. त्यात रेझिन नावाची ऊर्जा असते, आठ मिनिटाला एक भरते, टाकी २०० ची. म्हणजे २६ तास ४० मिनिटांत टाकी फुल, त्यानंतरचं वाहून जातं. आधी १६० ची होती तेव्हा २१ तास २० मिनिटं, म्हणजे दिवसातून एकदा येऊनसुद्धा थोडं सांडायचंच. मी रात्री झोपताना नळ बंद केलाय का ह्याच्याऐवजी रेझिन सांडतंय का बघायचो. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी वाहून जाणे हा विषय आमच्या फार जिव्हाळ्याचा आहे आणि गेमवाल्यांनी तो बरोबर हेरलाय. रोजची चार कामं दहा मिनिटांत होतात खरी. पण ती दहा मिनिटं रोज म्हणजे रोज, गणपतीतसुद्धा, आजोबांच्या तेराव्यालासुद्धा. (हो, केलीत.)

म्युनिकभाऊंना निदान मंगळवार-गुरुवार रेड होती, बाकीचे पाच दिवस मोकळे.

तिखट_शेव

तेराव्याला??

बिनपैशाचा_सल्ला

जेवणं उशिरा होती.

पेंगुळलेला_पॅलाडिन

अरे बापरे, एवढी उत्तरं. सल्लाभाऊ, तुमचं वाचून सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. आकडा सांगत नाही. एक तास मिळतो म्हणत होतो तो शुद्ध खोटेपणा होता एवढं कबूल करतो, तासाचे तुकडे दिवसभर मिळतच होते.

हीलरताई, तुमचं बाळ ठीक आहे ना वाचून गलबललं. आणि ते एचआरचं आमच्या हिला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या ताईंना माझा नमस्कार सांग.

पण माझी अडचण अशी की मला गेम नकोय, हे तिघं हवेत. चांगल्यातला चांगला सोयीस्कर गेम मी एकटा खेळलो तर तो कँडी क्रशच. दुबईवाल्याचा फोन वर्षातून एकदा येतो, वाढदिवसाला. गेममध्ये असलो की मूर्खासारखं काहीही बोलतो आम्ही. आणि ते तिघं वॉरक्राफ्ट सोडून दुसरं काही ऐकायला तयार नाहीत. दुबईवाल्याचं लग्न झालेलं नाही, तो पहिल्याच शनिवार-रविवारात वीसला पोचेल आणि मी सातव्या लेव्हलला रानडुकरं मारत असेन, तेव्हा काय करायचं?

दऱ्याखोऱ्या

गिल्ड वॉर्स टू बघा की कुणीतरी. २०१२ पासून लेव्हल ८० च्या वर गेलेली नाही, महिन्याचं भाडं नाही, दोन वर्षांनी परत या, तुमचं सामान तिथंच तसंच चालतं. मी बाळंतपण, घर बदलणं आणि एक अपघात एवढ्या सुट्ट्या घेऊन परत आलेय. पण हे मी प्रत्येक धाग्यावर सांगते आणि कुणी ऐकत नाही.

म्युनिकरिटर्न

@हीलरताई चूक मान्य, शब्द मागे. माझीच बायको हे वाचून मागे उभी आहे.

@पॅलाडिन, मित्र पुढं पळतात ह्यावर एकच उपाय माझ्या बघण्यात चाललाय. चौघांनी वेगळं एक-एक कॅरेक्टर करायचं, शनिवारचं. ते फक्त चौघं हजर असले तरच उघडायचं, कुणी एकट्याने हात लावायचा नाही. दुबईवाल्याला बाकी आठवडा हवं ते दुसरं कॅरेक्टर साठला नेऊ दे. भिशीसारखं, पत्ते सगळे आल्याशिवाय वाटायचे नाहीत.

आणि शनिवारचं कॅरेक्टर आठवडाभर झोपतं त्याचा फायदाच आहे. लॉगआउट करताना सरायमध्ये करा, रानात नको. सरायमध्ये आठ तासांना एका लेव्हलच्या पाच टक्के एवढी विश्रांती साठते, दिवसाला पंधरा. म्हणजे शनिवार ते शनिवार साधारण एक लेव्हलभर. तेवढी संपेपर्यंत मारलेल्या प्रत्येक प्राण्याचा अनुभव दुप्पट. दीड लेव्हलच्या वर साठत नाही, म्हणजे दहा दिवसांत टाकी फुल (सल्लाभाऊ, सांभाळा). ह्याची गोष्टही मजेशीर आहे, गेम तयार होत असताना बीटामध्ये हे उलटं मांडलं होतं, जास्त वेळ खेळलात की थकवा येऊन अनुभव अर्धा. लोक भडकले. मग तेच गणित ठेवून नाव बदललं, अर्ध्याला नेहमीचं म्हटलं आणि नेहमीच्याला दुप्पट. सगळे खूश.

एक मात्र ध्यानात ठेवा, क्लासिकमध्ये डंजन शोधून देणारं बटण नाही. पाचवा माणूस चॅटमध्ये ओरडून शोधायचा, मग सगळ्यांनी चालत दारापर्यंत जायचं. चौघं तुम्ही आहात म्हणून बरंय. तरी वेलिंग कॅव्हर्न्ससारख्या ठिकाणी दीड-दोन तास कुठंच जात नाहीत, त्यात निम्मा वेळ वाट चुकण्यात. रोजच्या तासात डंजन नकोच, तेव्हा कोपऱ्यात बसून मासे मारा किंवा शिवणकाम वाढवा, पोरगी उठली की उठता येईल असं काहीतरी. शनिवारी तीन तास घरी सांगून घ्या. समजावून नाही, सांगून. आणि बदल्यात रविवार सकाळ तुमची ड्यूटी.

कोकणी_मासेमार

बघा, शेवटी मासेच.

पेंगुळलेला_पॅलाडिन

अपडेट देतो, दोन शनिवार झाले. हिशोब असा ठरलाय की शनिवारी दहा ते एक माझे, रविवारी सकाळी पोरीला घेऊन सारसबागेत मी जायचं, हिला उठवायचं नाही. वाकडवाला दुसऱ्याच शनिवारी झोपून गेला, फोन उचलेना, तर नियमाप्रमाणे आम्ही तिघांनी कॅरेक्टर उघडलंच नाही आणि नुसते डिस्कॉर्डवर पावणेदोन तास गप्पा मारत बसलो. दुबईवाल्याचं लग्न ठरतंय. हे त्याने वाढदिवसाच्या फोनवर सांगितलं नसतं.

लेव्हल विचारू नका. नऊ.

कँडी क्रश काढून टाकलं. बुद्धिबळ ठेवलंय, तेवढं चालेल ना?

बिनपैशाचा_सल्ला

तीन मिनिटांचं आहे का? मग चालणार नाही. हरल्यावर 'अजून एकच' म्हणता त्याची बेरीज करा.

म्युनिकरिटर्न

भारी. जागा असेल तर मी पण येतो पाचवा म्हणून, शनिवार दहा ते एक मला चालतंय, घरी सांगून झालंय. रेल्म कुठला आणि दोन शत्रू पक्षांपैकी होर्डच ना?

पेंगुळलेला_पॅलाडिन

या की! पण नाव वाचा ना राव, पॅलाडिन आहे मी. क्लासिकमध्ये पॅलाडिन म्हणजे अलायन्सच.

म्युनिकरिटर्न

अलायन्स??? आधी सांगायचं होतं. एवढं सगळं टाइप केलं मी.